पॉवर ट्रिपच्या ‘नाइटमेअर लॉजिक’चा आवाज जॅमरूममध्ये कसा बसवायचा?

तारतोड

नमस्कार मंडळी. पॉवर ट्रिप या अमेरिकन थ्रॅश बँडचा २०१७चा आल्बम ‘नाइटमेअर लॉजिक’ समोर ठेवून बँडचा आवाज बसवतोय. दोन गिटार, बेस, ड्रम्स आणि एक गायक. ‘एक्झिक्युशनर्स टॅक्स’ आणि ‘फायरिंग स्क्वॉड’ ही दोन कव्हर्स, शिवाय त्याच धाटणीची स्वतःची तीन गाणी. त्या तिन्हींचा डेमोही करायचा आहे.

सराव पुण्यात, तासाच्या भाड्याच्या जॅमरूममध्ये. म्हणजे अँप तिथलेच: एक ५० वॅटचं ट्यूब हेड चार स्पीकरच्या कॅबिनेटवर, आणि दुसरा १०० वॅटचा ट्रान्झिस्टर कॉम्बो. एका गिटारला ब्रिजवर हंबकर (दोन कॉइलचा, हम दाबणारा पिकअप) आहे, दुसरी स्ट्रॅट पद्धतीची, तीन सिंगल कॉइलची. दोन्हींना ९-४२ तारा. गेन (डिस्टॉर्शनची मात्रा) दोन्हीकडे ८, मिड ३, बेस ७.

अडचण अशी की घरी एकट्याने वाजवलं की रिफ (परत परत येणारा गिटारचा तुकडा) कडक वाटतो, पण सगळे एकत्र आले की नुसता गरगर आवाज उरतो. पाम म्यूटचे (तळहाताच्या कडेने तार दाबून मारलेले) ठोके सुटे ऐकू येत नाहीत. ड्रमर उत्तम आहे, पण सगळीकडे डबल बेस (दोन पेडलने किक ड्रम) चालवतो आणि गाणं थ्रॅशपेक्षा डेथ मेटलकडे झुकतं. गायकाला रेकॉर्डवर आहे तशी घुमणारी हाक हवी आहे, पण रिव्हर्ब (घुमारा) वाढवला की पीए (गायकाचे माइक-स्पीकर) शिट्टी मारतो.

अँप बदलणं हाताबाहेरचं आहे. तारा, पेडल, वाजवण्याची पद्धत, सेटिंग यांतलं काहीही बदलायची तयारी आहे.

खर्जप्रेमी

आधी गेन ८ वरून ५ वर आणा आणि मिड ३ वरून ६-७ वर न्या. निम्मं काम तिथेच होईल.

कारण असं. डिस्टॉर्शन वाढतं तसा आवाज दबत जातो, म्हणजे मोठा आणि लहान ठोका एकाच उंचीचे होतात. या आल्बममधल्या रिफचा जोर ठोका कुठे सुरू होतो आणि कुठे थांबतो यावर आहे. गेन ८ वर थांबणंच ऐकू येत नाही, कारण पोकळी तारेच्या सळसळीने भरून निघते. घरी एकट्याने वाजवताना मिड काढलेला आवाज छान वाटतो, कारण खालची आणि वरची जागा तेव्हा रिकामी असते. बँडमध्ये खालची जागा बेस आणि किक घेतात, वरची झांजा. गिटारला उरतो तो मिडच, आणि तोच तुम्ही काढून टाकलाय.

ट्यूब हेडपुढे ट्यूब स्क्रीमर जातीचं ओव्हरड्राइव्ह लावा. स्वस्त नक्कलही चालेल. ड्राइव्ह शून्य, लेव्हल तीन चतुर्थांश किंवा जास्त, टोन मधोमध. हे पेडल इथे आवाज फोडायला नाही, खालचा भाग कापायला आहे. त्याच्या क्लिपिंगच्या टप्प्यावर साधारण ७२० हर्ट्झच्या खाली वाढ कमी कमी होत जाते. त्यामुळे अँपपर्यंत पोचणारा खर्ज आधीच सडपातळ होतो, आणि अँप त्याला फोडताना चिखल होत नाही. गेलेला खर्ज हवा तेवढा अँपच्या बेस नॉबने परत घ्या, साधारण ४ वर. ट्रेबल ६, प्रेझेन्स ५ पासून सुरुवात करा.

ट्रान्झिस्टर कॉम्बोला लेव्हलच्या धक्क्याचा तेवढा फायदा होणार नाही, पण खालचं कापण्याचा होतोच. त्यावर गेन ४ ठेवा. त्याचं स्वतःचं डिस्टॉर्शन करकरीत असेल तर क्लीन चॅनलवर जा आणि मार्शल वळणाचं डिस्टॉर्शन पेडल वापरा. दोन्ही गिटारचा आवाज सारखा करायच्या मागे लागू नका. एकीचा मिड थोडा खाली, ६००-७०० हर्ट्झच्या आसपास, आणि दुसरीचा १ ते १.२ किलोहर्ट्झला उचलला, तर दोघी वेगळ्या ऐकू येतात आणि एकूण आवाज रुंद होतो.

तारा ९-४२ असतील तर बाकी सगळं वाया. जोरात मारल्यावर पातळ खालची तार क्षणभर सुरापेक्षा वर चढते, आणि दोन गिटार एकत्र आल्या की तो फरक बेसूर म्हणून कानाला लागतो. ई ट्यूनिंगला १०-४६, अर्धा सूर खाली जाणार असाल तर १०-५२ किंवा ११-४९. तारा लावताना जितक्या जोराने वाजवता तितक्याच जोराने मारून ट्यूनरवर बघा. हळू छेडून लावलेली तार गाण्यात वर जाते. जाड तारा घातल्यावर नटची (मानेच्या वरच्या टोकाची पट्टी) खाच तपासा. ५२ची तार अडकत असेल तर ट्यून करताना ‘टिक’ असा आवाज येतो आणि सूर उडी मारतो. मान पुढे ओढली गेली तर ट्रस रॉड (मानेतली सळी) पाव फेरी, त्याहून जास्त एका वेळी नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. स्ट्रॅटचा ब्रिज मागून उचलला गेला तर आतल्या स्प्रिंगांत एक वाढवा किंवा पाठीमागच्या पट्टीचे स्क्रू दोन्हीकडे सारखे आवळा. इंटोनेशन (सगळ्या पट्ट्यांवर सूर बरोबर लागणं) सगळ्यात शेवटी.

ट्यूनिंग कोणतं हे नेटवरच्या टॅबवरून ठरवू नका. रेकॉर्ड लावून रिफची सर्वांत खालची मोकळी तार जुळवा. दोन मिनिटांचं काम आहे आणि टॅबमधल्या चुकांतून वाचता.

आता उजवा हात. पिक १ मिलिमीटर किंवा जाड, टोक बोटांबाहेर २-३ मिलिमीटरच. हाताची कड थेट ब्रिजच्या सॅडलवर. तिथून ५ मिलिमीटर जरी आत सरकली तरी सूर मरतो आणि नुसता ‘ठप’ राहतो. आठव्या मात्रेचे रिफ सगळे डाउनस्ट्रोकने. १८० बीपीएमला (मिनिटाला १८० मुख्य ठोके) ते सेकंदाला ६ ठोके होतात. मेट्रोनोम १४० वर लावा, दोन मिनिटं न थांबता, खांदा न आवळता जमलं की ४ ने वाढवा. हालचाल मनगटातून हवी. कोपरातून आली तर तिसऱ्या गाण्याला हात भरून येणारच. दुखायला लागलं तर थांबा. स्नायुबंधाची सूज आली की महिनेच्या महिने जातात. सोळाव्या मात्रेच्या सलग रिफला वर-खाली मारायला काहीच हरकत नाही. सगळं डाउनस्ट्रोकनेच वाजलं पाहिजे हा हट्ट धरणाऱ्यांची लय आधी ढासळते.

आरीवाला

एवढा खटाटोप कशाला? बॉस एचएम-२ डिस्टॉर्शन पेडल घ्या, चारही नॉब पूर्ण उजवीकडे, काम संपलं. हार्डकोरवाले सध्या तेच वापरतात.

खर्जप्रेमी

आरीवाले भाऊ, तो आवाज स्टॉकहोमचा. १९९०च्या आसपास सनलाइट स्टुडिओतून निघालेल्या एन्टूम्ड वगैरे डेथ मेटल बँडांचा. त्याचं सौंदर्यच असं की जीवा एकमेकींत मिसळून एक लांब करवती भिंत तयार होते. इथे नेमकं उलटं हवंय, रिफमध्ये फटी हव्यात. एचएम-२ पूर्ण उघडा ठेवून ‘एक्झिक्युशनर्स टॅक्स’चा मुख्य रिफ वाजवून बघा, थांबे गायब होतील. फारच मोह झाला तर एका गिटारवर, डिस्टॉर्शन पाव ठेवून, आणि दुसरी कोरडी.

ठेकेदार

ड्रम्सबद्दल कोणी बोललं नाही म्हणून.

या आल्बमवर ड्रम्स ख्रिस उल्शचे. हाच माणूस मॅमथ ग्राइंडर या बँडमध्येही आहे. वाजवण्यात हार्डकोर-पंकची सरळ चाल आहे. डबल बेस हा मुख्य पदार्थ नाही, तो फारतर एखाद्या वळणावर. तुमच्या ड्रमरला दुसरं पेडल महिनाभर काढून ठेवायला सांगा. शिक्षा म्हणून नाही. एका पायाने वाजवलं की किक कुठे ठेवायची याचा विचार करावाच लागतो.

तीन ठेके पक्के करा. दुम म्हणजे किक, ता म्हणजे स्नेअर, आडवी रेघ म्हणजे मोकळी मात्रा. सगळे आठ मात्रांत.

स्कँक: दुम ता दुम ता दुम ता दुम ता
डी-बीट: दुम – ता दुम – दुम ता –
मॉश (मंद, जड भाग): दुम – – – ता – – –

स्कँक बीट ही थ्रॅशची नेहमीची धाव. डी-बीट इंग्लंडच्या डिस्चार्जकडून आला, स्टोक-ऑन-ट्रेंटचा बँड, १९८२चा आल्बम ‘हिअर नथिंग सी नथिंग से नथिंग’ एकदा नीट ऐका. त्याच वेगात डी-बीटमध्ये स्नेअरचे ठोके निम्मे पडतात, म्हणून गाणं वेगात असूनही मोकळं, डुलणारं वाटतं. रिफ तोच ठेवून चार आवर्तनं स्कँक आणि पुढची चार डी-बीट असं वाजवा. गिटारवाल्यांनी काहीही न बदलता गाण्याची चाल बदलते. क्रॉसओव्हरमधलं (थ्रॅश आणि हार्डकोर-पंकचं मिश्रण) पंक बरंचसं इथे राहतं, कपड्यांत नाही.

ड्रमर हमखास घोळ घालतो तो स्कँकमध्ये. हात किकबरोबर पडायला लागतो आणि दोन आवर्तनांत ठेका उलटा होतो, स्नेअर समेवर येऊन बसते. उपाय: १२० वर नुसते किक आणि हाय-हॅट, मग स्नेअर घाला, ५-५ ने वाढवा. गिटारवाल्यांनी कान हाय-हॅटवर नाही, स्नेअरवर ठेवायचा.

दुसरी गोष्ट झांजांची. क्रॅशवर सतत मारत राहिलं तर ३ ते ६ किलोहर्ट्झमध्ये जो फेस होतो त्यात पिकचा आवाज बुडतो. धावत्या भागात हाय-हॅट अर्धवट उघडी, क्रॅश फक्त भाग बदलताना. भाड्याच्या किटवर स्नेअर बहुधा सैल सोडलेली असते. वरचं कातडं चावीने सगळ्या बोल्टवर सारखं घट्ट करा, आवाज ‘ठॅक्’ यायला हवा, ‘धप्प’ नाही. किकच्या आत उशी आधीच भरलेली असेल तर थोडी काढा. बीटर लाकडी किंवा कडक प्लास्टिकचा असला की ठोक्याचं टोक ऐकू येतं.

जुनी_कॅसेट

सेटिंगचे आकडे वर आलेत, ते बरोबर आहेत. पण मूळ आल्बम ८ गाण्यांचा, जेमतेम ३२-३३ मिनिटांचा आहे हे कोणी लक्षात घेतलेलं दिसत नाही. तुमच्या तीन गाण्यांत एकूण किती रिफ आहेत ते आधी मोजा. एका गाण्यात आठ-नऊ असतील तर कोणताही अँप तुम्हाला वाचवणार नाही.

पॉवर ट्रिप डॅलसचे, २००८पासूनचे, आणि मुळात हार्डकोरच्या वर्तुळातले. २००५-०७च्या सुमारास म्युनिसिपल वेस्ट या बँडच्या ‘हॅझर्डस म्युटेशन’ आणि ‘द आर्ट ऑफ पार्टीइंग’मुळे क्रॉसओव्हरची जी लाट पुन्हा आली, ती रिचमंड, व्हर्जिनियाची. ती बरीचशी डी.आर.आय. या जुन्या क्रॉसओव्हर बँडच्या वळणाची: धाव, विनोद, दीड-दोन मिनिटांत गाणं खलास. पॉवर ट्रिपची वंशावळ वेगळी. एका बाजूला एक्झोडस आणि स्लेयर हे थ्रॅश बँड, दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्कचे क्रो-मॅग्स आणि लीवे, आणि मधे त्यांच्याच टेक्सासमधले ऑस्टिनचे आयर्न एज. म्हणून यांच्या गाण्यांत धावेइतकंच वजन मंद भागाला आहे. माझं मत विचाराल तर या पिढीतल्या बहुतेक रिव्हायव्हल बँडांची गाडी इथेच अडकली. त्यांनी १९८६चे बूट, पट्टे, मुखपृष्ठं सगळं उचललं, फक्त मॉशचा भाग कुठे पडला पाहिजे हे उचललं नाही.

बसवण्यापूर्वी ऐकायचं ते असं. क्रो-मॅग्सचा ‘एज ऑफ क्वॉरल’ १९८६, त्यात वेगातून मंद भागात उतरताना बँड काय करतो ते. लीवेचा ‘बॉर्न टु एक्स्पायर’ १९८९, त्यातल्या गिटारचे थांबे. आयर्न एजचा ‘द स्लीपिंग आय’ २००९. आणि एक्झोडसचा ‘बाँडेड बाय ब्लड’ १९८५, उजव्या हातासाठी. एवढं पुरे.

रिफ कसे रचलेत ते गुपित नाही. मोकळ्या खालच्या तारेवर पाम म्यूट, आणि वर दोन-तीन पॉवर कॉर्ड, जे बहुधा लगतच्या अर्ध्या सुरांनी सरकतात. षड्ज मोकळ्या तारेवर धरला तर कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम ही दोन ठिकाणं सगळ्यात जास्त कामाला येतात. रिफ चार आवर्तनांचा असेल तर चौथ्याच्या शेवटी अर्धं आवर्तन गप्प बसा, किंवा एकच कॉर्ड मोकळा सोडा. भाग बदलताना एक गिटार एकटीच नवा रिफ दोन किंवा चार वेळा वाजवते, मग सगळे एकदम पडतात. ऐकणाऱ्याला काय येणार हे आधी कळलेलं असतं, म्हणून ते पडणं जड वाटतं. न सांगता पडलात तर समोरच्यांना नुसता धक्का बसतो.

सोलो छोटे ठेवा. त्यांचा गिटारवादक ब्लेक इबानेझच्या सोलोंत ट्रेमोलो बारचे डाइव्ह भरपूर आहेत, पण सोलो संपला की रिफ लगेच दार ठोठावतो. सोलोखाली दुसरी गिटार एकटी असते तेव्हा आवाज पोकळ होऊ नये म्हणून बेसने तोच रिफ पिकने वाजवायचा.

आणि कव्हरसाठी स्टुडिओ आवृत्तीपेक्षा ‘लाइव्ह इन सिअ‍ॅटल’ जवळ ठेवा. मे २०१८चा कार्यक्रम, २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोनच गिटार, दोनच वादक, वर चढवलेले थर नाहीत; जॅमरूममध्ये तुम्हाला तेच करायचंय. ‘एक्झिक्युशनर्स टॅक्स’च्या लाइव्ह आवृत्तीला पुढे ग्रॅमी नामांकनही मिळालं, गायक रायली गेल ऑगस्ट २०२०मध्ये गेल्यानंतर. ते गाणं मध्यम लयीचं आहे. उत्साहात पळवू नका, त्याचा झोकाच जातो.

तारतोड

जबरदस्त, आभार सगळ्यांचे. १०-४६ तारा, गेन ५, मिड ७ आणि ट्यूब स्क्रीमरची नक्कल हे करून बघितलं. थांबे आता ऐकू येतात.

तीन गोष्टी राहिल्यात. स्ट्रॅटवर ओव्हरड्राइव्ह लावलं की थांब्यांत हम्म असा आवाज भरतो. नॉइज गेट (हळू आवाज बंद करणारं पेडल) लावला तर शेवटचा मोकळा सोडलेला कॉर्ड मधेच कापला जातो. पीएची शिट्टी अजून आहे. आणि डेमोसाठी साधनं मोजकी: चार इनपुटचा इंटरफेस, दोन एसएम५७ माइक, एक किकचा माइक, दोन कंडेन्सर माइक.

फेडरवर_बोट

हम्म हा ५० हर्ट्झचा वीजपुरवठा आणि त्याच्या पटी. सिंगल कॉइल तो पकडणारच, पण कमी करता येतो. जुन्या ट्यूबलाइटचा चोक, लॅपटॉपचा चार्जर, पंख्याचा रेग्युलेटर यांपासून दूर उभे राहा आणि गिटार जागच्या जागी फिरवून बघा. एका कोनात आवाज निम्मा होतो, गाणं तसंच उभं राहून वाजवा. कायमचा उपाय म्हणजे ब्रिजवर सिंगल कॉइलच्याच आकाराचा हंबकर. मूळ भोकात बसतो, लाकूड कापावं लागत नाही. बसवल्यावर शेवटच्या पट्टीवर तार दाबून पिकअप आणि जाड तारेत साधारण २ मिलिमीटर अंतर ठेवा. फार जवळ आणला तर चुंबक तारेला ओढतो आणि सूर डगमगतो.

पेडलचे अडॅप्टर ९ व्होल्ट, मधला भाग निगेटिव्ह, हे बघून घ्या. एका अडॅप्टरवरून माळ करून सगळी पेडलं चालवत असाल आणि त्यात एखादं डिजिटल असेल, तर बारीक चीं ऐकू येतो. त्याला वेगळा अडॅप्टर.

एक गोष्ट गमतीची नाही. माइकला ओठ लागल्यावर झिणझिणी येत असेल तर वाजवणं तिथेच थांबवा. पीए आणि अँप वेगवेगळ्या सॉकेटवर आहेत आणि एकाचं अर्थिंग गायब आहे. सगळं एकाच, अर्थिंग तपासलेल्या बोर्डावर आणा. हम घालवायला प्लगची तिसरी पिन काढण्याचा सल्ला कोणी देईल, ऐकू नका.

गेट ओव्हरड्राइव्हच्या नंतर आणि अँपच्या आधी लावा. तारांवर हात ठेवून थ्रेशोल्ड (ज्याखालचा आवाज गेट बंद करतो ती पातळी) शून्यापासून वाढवा. हम जिथे गप्प होईल त्याच्या किंचितच पुढे थांबा. रिलीज ५० ते १०० मिलिसेकंद. कॉर्ड कापला जातोय याचा अर्थ थ्रेशोल्ड जास्त आहे, आणि तो जास्त ठेवावा लागतोय याचा अर्थ हम अजून जास्त आहे. म्हणून क्रम आधी हम, मग गेट. अँपची स्वतःची सळसळ अशा गेटने जाणार नाही, त्यासाठी हेडच्या इफेक्ट लूपमध्ये गेट लागतो.

शिट्टी. आधी गायकाचा हात बघा. माइकची जाळी मुठीत धरली की मागचा आवाज नाकारायचा त्याचा गुणच जातो आणि तो चहूबाजूंनी ऐकायला लागतो. हार्डकोरवाले सगळे तसेच धरतात, तरी सरावात टाळा. एसएम५८ असेल तर मॉनिटर बरोबर त्याच्या पाठीमागे, सुपरकार्डिऑइड माइक असेल तर मागे थोडे बाजूला, कारण त्याची बहिरी जागा मागे मध्यभागी नसते. मग इक्यूवर शिट्टीचा सूर शोधा, बहुधा २ ते ४ किलोहर्ट्झ, आणि तेवढीच अरुंद पट्टी ४-६ डीबी खाली घ्या. मॉनिटरमध्ये रिव्हर्ब अजिबात नको, तो फक्त समोरच्या स्पीकरला. खोलीत रिव्हर्बऐवजी एकच परतावा देणारा डिले, १०० ते १२० मिलिसेकंद, ठेवा. हाकेचा घुमारा बराचसा त्याने येतो आणि शिट्टीही कमी. परताव्यावर ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ५ किलोहर्ट्झच्या वरचं कापा.

डेमो. आल्बमचा निर्माता आर्थर रिझ्क, जो स्वतः समरलँड्स या बँडमध्ये गिटार वाजवतो आणि पुढे क्रिएटर या जर्मन थ्रॅश बँडचा २०२२चा आल्बमही त्यानेच केला. त्याच्या कामात मला पटतं ते असं की आवाजाला खोली आहे, पण ती सगळ्यांना सारखी वाटलेली नाही. गिटार पुढ्यात कोरड्या, गळा दूरच्या बोगद्यात. हा विरोध राखलात तर स्वस्तातला डेमोही त्या जातीचा वाटतो. गिटारवर रिव्हर्ब टाकलात की संपलं.

चार इनपुट म्हणजे आधी ड्रम्स एकटे: किकला किकचा माइक, स्नेअरला एसएम५७, वर दोन कंडेन्सर. दोरा घ्या, स्नेअरच्या मध्यापासून दोन्ही कंडेन्सरचं अंतर सारखं करा, साधारण एक मीटर. असमान राहिलं तर स्नेअर एका बाजूला झुकते आणि पातळ होते. ड्रमरच्या कानात क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) आणि मार्गदर्शक गिटार. पातळी सर्वोच्च ठोक्याला -१० डीबीच्या आसपास, २४ बिट.

मग गिटार. एसएम५७ कापडापासून २-३ सेंटिमीटर, स्पीकरच्या मधल्या टोपीची कड जिथे शंकूला मिळते तिथे. करकर जास्त वाटली तर एक सेंटिमीटर बाहेर. इक्यूला हात लावण्याआधी माइक सरकवा. प्रत्येकाने आपला भाग एकदाच, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. चार थर करू नका. हात तंतोतंत जुळले नाहीत तर थर वाढवल्याने ठोक्याची धार जाते. सोबत डीआय (अँपविना थेट गिटारचा सिग्नल) वेगळा रेकॉर्ड करून ठेवा, नंतर अँप बदलता येतो. मिक्समध्ये ९० हर्ट्झखाली कापा. पाम म्यूटला १२० ते २०० हर्ट्झमध्ये जो फुगवटा येतो तो सरसकट कापू नका, तेवढ्याच पट्टीवर कॉम्प्रेसर लावा, म्हणजे ठोक्याच्या वेळीच दबेल.

बेस दोन ट्रॅकवर वाटा. २०० हर्ट्झखालचा स्वच्छ, चांगला दाबलेला. त्यावरचा डिस्टॉर्शनमधून, ८०० हर्ट्झच्या आसपास उचललेला. गिटारमधून काढलेली घाण इथे घाला, इथे ती शोभते.

गळ्याला प्लेट रिव्हर्ब, शेपूट १.५ ते २ सेकंद, प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीचा अवकाश) ६० ते ८० मिलिसेकंद. प्री-डिले शून्य ठेवलात तर शब्द घुमाऱ्यात विरघळतात. समूहाच्या आरोळ्यांना चार-पाच जण, एकच कंडेन्सर, दीड मीटरवरून, तीन टेक. प्रत्येक टेकला माणसांच्या जागा बदला. सगळ्यांनी ओळीचा शेवटचा शब्दच ओरडायचा. पूर्ण ओळ ओरडली की फुटबॉलचं मैदान होतं.

जून-जुलैमध्ये रेकॉर्ड करणार असाल तर गिटार आदल्या रात्री केसमध्ये सिलिका जेलबरोबर ठेवा आणि तारा त्याच दिवशी बदला. पुण्या-मुंबईच्या पावसाळी हवेत मान हलते, सकाळी केलेलं इंटोनेशन संध्याकाळी पुन्हा तपासावं लागतं.

ठेकेदार

क्लिक म्हटलंय म्हणून पुरवणी. सगळं गाणं एकाच आकड्यावर ठेवू नका. समजा धाव १९६ ला आहे. मॉशचा हिशोबाने निम्मा वेग ९८ होतो, पण नेमका ९८ ठेवला तर तो भाग चढत्या गाडीसारखा रेटल्यासारखा वाटतो. ९२ ते ९४ करा. टेम्पो मॅपमध्ये बदल मॉशच्या पहिल्या ठोक्यावर नको, त्याआधी गिटार एकटी वाजते त्या आवर्तनावर ठेवा, म्हणजे ड्रमर पडायच्या आधी सगळ्यांच्या अंगात नवा वेग बसलेला असतो. धावेत परत जाताना उलटं: स्नेअरचे चार ठोके थेट १९६ च्या वेगाने आणि लगेच आत. हे आकडे तुमच्या गाण्यांसाठी. कव्हर्सचा वेग टॅप टेम्पोने रेकॉर्डवरून मोजा, आणि तो भागाभागाला वेगळा मोजा.

तारतोड

ब्रिजसाठी छोटा हंबकर मागवला. मॅप १९६-९४-१९६ असा टाकलाय. एकच शंका: मॉशच्या आधीच्या एकट्या गिटारला कोणती गिटार घ्यायची, ट्यूब हेडवाली की कॉम्बोवाली?

खर्जप्रेमी

कॉम्बोवाली. पातळ आवाज आधी, मग हेड आणि बेस एकत्र पडले की फरक दुप्पट. त्या आवर्तनात हेडवाल्याने गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर घ्यायचा, नाहीतर तुमचा हम्म तिथेच सोलो घेईल.